एमसीव्ही ६२

आमच्या घरातल्या निळ्या फाइलमध्ये, लाइटबिलं आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या खाली, २००४ सालचा रक्ततपासणीचा एक कागद आहे. घडीवर फाटत आलाय म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. त्यावर हिमोग्लोबिन ९.८ छापलंय आणि त्या आकड्याभोवती पेनाने गोल काढलाय. मला तेव्हा तिसरा महिना लागला होता. तो गोल काढणाऱ्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. सासूबाईंनी माळ्यावरून लोखंडी कढई काढली, रोज बीट, खजूर, पालेभाजी सुरू झाली. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तेव्हा आकडा आला ९.७.

त्याच कागदावर, गोल काढलेल्या आकड्याच्या थोडं खाली, 'एमसीव्ही ६२' असं होतं. त्याच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. शेवटी शेजारणीच्या सांगण्यावरून मी अंबरनाथहून गाडी पकडून उल्हासनगरच्या एका सिंधी डॉक्टरबाईंकडे गेले. बाईंनी गोलाकडे ढुंकूनही बघितलं नाही. बोट सरळ खालच्या ओळीवर ठेवून विचारलं, "तुम्ही सिंधी का?"

"नाही, मी रत्नागिरीकडची."

"आणि मिस्टर?"

"मूळचे भंडाऱ्याचे. सासरे ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले, तेव्हापासून अंबरनाथला."

बाई क्षणभर थांबल्या. मग चिठ्ठीवर दोघांच्याही नावाने एकच तपासणी लिहिली आणि म्हणाल्या, "उद्याच करा. महिना कितवा ते बघता वेळ घालवू नका."

त्या दोन प्रश्नांमागे काय होतं ते समजायला मला पुढे बराच काळ लागला. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून सावकाश, पहिल्यापासून सांगते.

सिंधी का, हा प्रश्न आधी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळ सैनिकांची छावणी उभारली होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर निर्वासितांना तिथल्या बराकींत आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना आधी कॅम्पचा नंबर सांगतो. घरदार मागे टाकून आलेल्या या माणसांबरोबर, त्यांच्या नकळत, एक आनुवंशिक दोषही आला: बीटा थॅलेसेमिया. भारतात सरासरी शंभरातली ३ ते ४ माणसं त्याची वाहक असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत हे प्रमाण दुपटी-तिपटीने जास्त भरतं. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत सापडणारा एक दोष तर इतका ठरावीक आहे की शास्त्रज्ञ तो मापावरूनच ओळखतात. जनुकातली ६१९ अक्षरं एकगठ्ठा गायब असतात.

भंडारा ऐकून बाई थांबल्या त्याचं कारण सिकलसेल, रक्ताचा दुसरा आनुवंशिक दोष. १९५८ मध्ये नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये छापली. पुढे पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आयुष्यभर पाड्यापाड्यावर जाऊन रक्त तपासलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. राज्यातल्या भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या जमातींत वाहकांचं प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत जातं, हे त्यांच्या कामातून पुढे आलं. विदर्भात आदिवासींच्या जोडीने अनुसूचित जाती आणि इतर काही समाजांतही हा दोष आहे. आणि विदर्भातली, खानदेशातली कितीतरी कुटुंबं नोकरीधंद्यासाठी अंबरनाथ-बदलापुरात स्थिरावली आहेत. ऑर्डनन्स फॅक्टरी, काडेपेटीचा कारखाना, मग एमआयडीसी, मग स्वस्तात मिळणारे फ्लॅट, दर पिढीला नवं कारण.

म्हणजे सिंधूच्या खोऱ्यातला एक दोष आणि मध्य भारतातला दुसरा, हे दोन्ही मध्य रेल्वेच्या तीन-चार स्टेशनांच्या टापूत एकत्र नांदतात. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, ते कळायला पेशीच्या आत जावं लागतं.

रक्ताची तांबडी पेशी म्हणजे मधे चेपलेली, मऊ चकती. तिच्यात हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं, एकेका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. फुप्फुसात प्राणवायू उचलायचा आणि हातापायाच्या टोकाला नेऊन सोडायचा हे त्याचं काम. प्रत्येक रेणू चार साखळ्या जुळून बनतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळी कशी बनवायची याची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते आणि प्रत्येकाकडे त्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची.

सिकलसेलमध्ये या कृतीतलं एकच अक्षर बदलतं. त्यामुळे साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलीन बसतं. व्हर्नन इन्ग्रम यांनी हे शोधलं ते १९५६-५७ मध्ये. साखळी तयार होते, पुरेशी होते, फक्त तिचा स्वभाव बदलतो. जोवर रेणूजवळ प्राणवायू आहे तोवर सगळं ठीक. प्राणवायू सोडला की हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर वळायला लागतात, आणि आतून ते दोर ताणले गेले की मऊ चकतीचा कडक विळा होतो. हे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि हाडं, छाती, पोट असह्य दुखायला लागतं. ताप, थंडी, पाणी कमी पिणं, अतिश्रम, यातलं काहीही निमित्त पुरतं. साधी पेशी १२० दिवस जगते, विळ्याची जेमतेम १० ते २०. प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती. काही मुलांना अर्धांगवायूचा झटका येतो.

थॅलेसेमियात गोष्ट वेगळी. तिथे बीटा साखळीत खोट नसते, ती बनतच नाही किंवा फार कमी बनते. मग जोडीदार न मिळालेल्या अल्फा साखळ्या पेशीत साचून गोळे होतात आणि पेशी अस्थिमज्जेतच, बाहेर पडण्याआधी मरते. मूल पांढरंफटक पडत जातं. मज्जा आणखी पेशी बनवायची धडपड करते, त्यात हाडं फुगतात, चेहऱ्याची ठेवण बदलते, प्लीहा वाढून पोट पुढे येतं.

दोन्ही आजारांतली बाळं जन्मतः मात्र ठणठणीत असतात. कारण गर्भात बीटा साखळी फारशी वापरली जात नाही. तिच्या जागी गॅमा नावाची साखळी असते, आणि त्या गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनमध्ये दोन्ही दोष नसतात. जन्मानंतर सहा महिन्यांत शरीर हळूहळू गॅमाचं बटण बंद करतं, बीटाचं चालू करतं, आणि तिथून आजार दिसायला लागतो. न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच ताडलं होतं की सिकलसेलच्या बाळांना हे जुनं हिमोग्लोबिन वाचवतं. हे बटण लक्षात ठेवा, पुढे आजचं सगळं संशोधन इथेच येऊन मिळतं.

आता वाहक म्हणजे कोण? ज्याची एक प्रत सदोष आणि एक चांगली, तो. तो आजारी नसतो. माझा नवरा सिकलचा वाहक निघाला, पण तो वसाहतीच्या संघातून कबड्डी खेळायचा, त्याला कधी साधी धाप लागली नव्हती. उलट जंगलात, नदीकाठी, मलेरियाच्या मुलखात वाहक माणूस इतरांपेक्षा टिकाव धरत आला, कारण या पेशींत मलेरियाचा परजीवी नीट वाढत नाही. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल हा तर्क मांडला, ॲलिसन यांनी १९५४ मध्ये सिकलसेलबद्दल दाखवून दिला. म्हणूनच हा दोष हजारो वर्षं टिकला. त्यात कुणाच्या कुळाचा, कुणाच्या वागण्याचा दोष नाही, आणि ज्या घरांत अजून सुनेला बोल लावला जातो तिथे हे वाक्य कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं.

प्रश्न येतो तो दोन वाहकांचं लग्न झालं की. मग दर गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहक मुलाची, चारात एक पूर्ण निर्दोष मुलाची. दर खेपेला नव्याने. "पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" असं समजणारी शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणि इथेच आमच्या पट्ट्याची खरी मेख आहे. नवरा-बायको दोघांचा दोष एकच असायला हवा असं नाही. एकाकडून सिकलची प्रत आली आणि दुसऱ्याकडून थॅलेसेमियाची, तर मुलाकडे चांगली प्रत उरतच नाही. त्याला सिकल-थॅलेसेमिया होतो, आणि बऱ्याचदा तो सिकलसेलइतकाच तीव्र असतो. लोकांच्या बोलण्यात मात्र 'थॅलेसेमिया सिंधी लोकांचा, सिकल आदिवासींचा' अशी वाटणी पक्की आहे. कॅम्पातली मुलगी आणि अंबरनाथचा विदर्भातला मुलगा एका कॉलेजात जातात, एका कंपनीत काम करतात, लग्न करतात. दोघांनाही आपापल्या समाजात कुणी ना कुणी तपासणीबद्दल सांगितलं असेलही, पण समोरच्याच्या आजाराशी आपला संबंध येतो हे कुणी सांगितलेलं नसतं. मी तर सिंधीही नाही. रत्नागिरीच्या घरात माझ्यापर्यंत थॅलेसेमियाचा दोष कुठल्या वाटेने आला ते कळायला मार्ग नाही, आणि कळून उपयोगही नाही.

तपासणी समजून घेणं कठीण नाही, मी स्वतः कॉमर्सची आहे. सुरुवात साध्या सीबीसीने होते, कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये होणाऱ्या. एमसीव्ही म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत. लहान पेशींची दोन नेहमीची कारणं, लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाची एक प्रत. फरक मोजणीत दिसतो. लोह कमी असेल तर पेशी लहानही होतात आणि संख्येनेही घटतात, कच्चा माल नाही म्हणून. वाहकाच्या शरीरात कच्चा माल असतो, त्यामुळे ते लहान लहान पेशी भरपूर बनवून भरपाई करतं. माझ्या कागदावर हिमोग्लोबिन ९.८ असूनही तांबड्या पेशी ५२ लाख होत्या. मेंट्झर नावाच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये एक साधा भागाकार सांगितला: एमसीव्हीला पेशींच्या संख्येने, दहा लाखांच्या हिशेबात, भागायचं. उत्तर १३ च्या खाली आलं तर थॅलेसेमियाचा संशय घ्या. ६२ भागिले ५.२, उत्तर १२ पेक्षा जरा कमी. कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तो भागाकार त्या डॉक्टरबाईंनी केलेला आहे.

भागाकार हा फक्त संशय. निदान होतं एचपीएलसी नावाच्या तपासणीने. यंत्र रक्तातली वेगवेगळी हिमोग्लोबिनं एकामागून एक वेगळी काढतं आणि त्यांचा आलेख छापतं. निरोगी माणसाच्या आलेखात 'ए' चा एकच मलंगगडासारखा उंच सुळका आणि बाजूला 'ए-टू' ची अडीच-तीन टक्क्यांची छोटी टेकडी असते. थॅलेसेमियाच्या वाहकात ही टेकडी ३.५ टक्क्यांच्या वर, बहुधा ४ च्याही पुढे जाते. माझी ५.३ होती. सिकलच्या वाहकात 'ए' च्या पलीकडे 'एस' चा दुसरा डोंगर उभा राहतो, साधारण ३० ते ४० टक्क्यांचा. नवऱ्याच्या कागदावर तो ३७ होता. एक खबरदारी इथे सांगायलाच हवी: अंगात लोह फारच कमी असेल तर ए-टू ची टेकडी खोटी खाली बसते. आकडा काठावरचा आला तर लोह भरून काढून पुन्हा तपासतात. वाहकालाही लोहाची कमतरता असू शकते, तेव्हा हे वाचून कुणी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, तपासून डॉक्टर ठरवतील.

सिकलसाठी आणखी एक जुनी, स्वस्त तपासणी आहे, पाड्यांवरच्या शिबिरांत हीच करतात. काचेच्या नळीत औषधी द्रावण घेऊन त्यात बोटातलं थेंबभर रक्त टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. साधं रक्त विरघळून पातळ लाल होतं, आरपार रेघा दिसतात. सिकल असेल तर मिश्रण दह्याचं पाणी मिसळल्यासारखं गढूळ होतं आणि रेघा दिसेनाशा होतात. पाच मिनिटांचं काम. पण या नळीला वाहक आणि रुग्ण यातला फरक कळत नाही, आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. त्या दिवशी नवऱ्याच्या गावामुळे मला नुसती ही तपासणी सांगितली असती, तर माझा कागद 'निगेटिव्ह' आला असता आणि आम्ही पेढे वाटले असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. फार मोलाचं काम आहे. तरी आमच्यासारख्या मिश्र वस्तीच्या शहरांत दोघांचीही एचपीएलसी व्हायला हवी, एकाची नळी आणि दुसऱ्याचा अंदाज यावर भागत नाही. बदलापूरच्या पलीकडे बारवी धरणाच्या बाजूला ठाकर-कातकऱ्यांचे पाडे आहेत, तिथली अडचण आणखी वेगळी. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. शिबिर हिवाळ्यात लावलं तर तपासायला पाड्यावर म्हातारीकोतारीच उरतात.

आजार झालाच तर काय, हे मी त्याच दिवसांत एका हॉस्पिटलच्या बाकावर बसून पाहिलं. समोरच्या पलंगावर आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. डाव्या हाताला रक्ताची पिशवी लावलेली, उजव्या हाताने पाढ्यांची वही पुरी करत होता. आई म्हणाली, दर तीन आठवड्यांनी येतो. थॅलेसेमिया मेजरच्या, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेल्या, मुलाला आयुष्यभर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. आणि रक्तासोबत लोह येतं, पिशवीमागे २०० ते २५० मिलिग्रॅम. शरीराला जास्तीचं लोह बाहेर टाकायची वाटच नाही, दिवसाला मिलिग्रॅमभर जातं तेवढंच. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींत साचत जातं. ते काढायला पूर्वी एकच औषध होतं, डेस्फेरॉल, पोटाच्या कातडीखाली सुई टोचून पंपाने रात्रभर, आठवड्यात पाच-सहा रात्री. गोळीच्या रूपातलं पहिलं औषध, डेफेरिप्रोन, बाजारात आलं ते १९९५ च्या सुमारास, आणि तेही भारतात; सिप्लाने 'केल्फर' नावाने आणलं, चाचण्यांमध्ये मुंबईच्या डॉक्टरांचा मोठा वाटा होता. नंतर २००५ मध्ये अमेरिकेत डेफेरासिरॉक्सला मान्यता मिळाली. पंपाची सुई गेली आणि मुलं रात्री कुशीवर झोपू लागली. संशोधनाच्या बातम्यांत याला कधी मोठा मथळा मिळाला नाही, पण या घरांत विचारा.

सिकलसेलमध्ये तितकंच मोठं काम हायड्रॉक्सियुरिया या जुन्या, स्वस्त गोळीने केलं. ती गॅमाचं बंद झालेलं बटण थोडंसं किलकिलं करते. जुनं हिमोग्लोबिन वाढलं की एस चे दोर वळत नाहीत, कळा कमी येतात. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत हे सिद्ध झालं, १९९८ मध्ये तिथे मान्यता मिळाली. आपल्याकडे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी दर किलो वजनामागे १० मिलिग्रॅमचा कमी आणि ठरलेला डोस गंभीर आजारी मुलांना देऊन पाहिला, आणि तो लागू पडला. डोस कमी म्हणजे खर्च कमी आणि वारंवार रक्त तपासायची दगदग कमी. गडचिरोलीच्या मुलासाठी हा फरक किती मोठा आहे हे सांगायला नको. सगळीच औषधं टिकली असंही नाही. २०१९ मध्ये गाजावाजात आलेलं व्हॉक्सेलोटर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतलं, फायद्यापेक्षा धोका जास्त दिसला म्हणून.

मुळापासून बरं करायचा मार्ग अलीकडेपर्यंत एकच होता, अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. त्याला जुळणारा दाता लागतो आणि सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. बोरिवलीला मुंबई महापालिकेचं मुलांसाठीचं थॅलेसेमिया आणि प्रत्यारोपण केंद्र आहे. कोल इंडियाची बालसेवा योजना २०१७ पासून प्रत्यारोपणाला १० लाखांपर्यंत मदत करते. ज्या घरात भावंड जुळत नाही, ते घर नव्या उपचाराकडे डोळे लावून बसलं आहे.

तो नवा उपचार असा. गॅमाचं बटण बंद कोण करतं याचा शोध २००८ च्या सुमारास लागला: बीसीएल-११-ए नावाचं जनुक. थॅलेसेमियाने पोळलेल्या इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या लोकांच्या रक्तातूनच त्याचा एक मोठा धागा मिळाला. मग कल्पना सुचली की सदोष बीटा दुरुस्त करण्यापेक्षा बटण बंद करणारा हातच बाजूला करावा. रुग्णाला इंजेक्शनं देऊन मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवतात, यंत्राने गाळून घेतात, गरज पडली तर दोन-तीन वेळा. त्या प्रयोगशाळेत जातात. तिथे क्रिस्परची कात्री, जिच्यासाठी शार्पांतिये आणि डाउडना यांना २०२० चं नोबेल मिळालं, बीसीएल-११-ए च्या फक्त तांबड्या पेशींत चालणाऱ्या तुकड्यावर बरोबर काप घेते. इकडे रुग्णाला जालीम केमोथेरपी देऊन जुनी मज्जा रिकामी करतात आणि कापलेल्या पेशी परत सोडतात. मग महिना-दीड महिना हॉस्पिटलच्या बंद खोलीत, नवी मज्जा रुजेपर्यंत. स्वतःच्याच पेशी, त्यामुळे दाता लागत नाही. 'कॅसजेव्ही' नावाच्या या उपचाराला १६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनने जगात प्रथम मान्यता दिली. प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सिकलसेलच्या ३० पैकी २९ रुग्णांना सलग वर्षभर गंभीर कळ आली नाही, आणि थॅलेसेमियाच्या ३५ पैकी ३२ जणांना रक्त लागेनासं झालं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला तो पाढ्यांची वही घेऊन बसलेला मुलगा आठवला. आता तो तिशीच्या जवळ असेल.

अमेरिकेत याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटी रुपयांच्या वर. केमोथेरपीमुळे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हे ओझं कमी करायचा प्रयत्न आपल्याकडे सुरू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने स्वतःची क्रिस्पर कात्री घडवली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तिच्यावर आधारलेला 'बिरसा १०१' हा सिकलसेलवरचा देशी उपचार जाहीर झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. रुग्णांवरच्या चाचण्यांचे टप्पे त्याला पार करायचे आहेत. पण पुण्यात बनणारं औषध आणि अमेरिकेतून येणारं औषध यांच्या किमतीत किती फरक पडतो, हे लसींच्या बाबतीत आपण पाहिलेलं आहे.

तोवर हातात जे आहे ते तपासणी. सार्डिनियात दर २५० बाळांमागे एक आजारी जन्मायचं, ते प्रमाण तपासणी आणि समुपदेशनाच्या बळावर ४,००० मागे एकावर आलं. सायप्रसमध्ये लग्नाआधी तपासणीचा दाखला चर्चनेच मागायला सुरुवात केली. लग्न मोडा असं तिथेही कुणी सांगितलं नाही. दोघं वाहक असले तरी वाट असते: गरोदरपणाच्या १० ते १२ आठवड्यांत वारेचा बारीकसा तुकडा घेऊन गर्भाची जनुकीय तपासणी करता येते. परळला केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, १९५७ पासूनची, हे काम तिथे वर्षानुवर्षं चालतं. विदर्भासाठी चंद्रपूरला तिचं केंद्र आहे.

आमचा तो १० ते १२ आठवड्यांचा काळ बीट-खजुरात गेला होता. एचपीएलसीचे दोन कागद हातात आले तेव्हा अठरावा आठवडा चालू होता आणि त्या वेळच्या कायद्यात मर्यादा २० आठवड्यांची. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती वाढली, गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने २४ आठवड्यांपुढेही विचार होतो. तेव्हा तसं नव्हतं. आम्ही पहाटेच्या गाडीने परळला गेलो. वारेचा तुकडा घ्यायची वेळ टळलेली, त्यामुळे पोटातून सुई घालून नाळेतलं रक्त काढलं. परतीच्या गाडीत नवरा ठाण्यापर्यंत एक शब्द बोलला नाही. मग म्हणाला, "काहीही आलं तरी तुझ्या-माझ्या घरी कुणाला दोष द्यायचा नाही." पुढचे पाच दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. त्या पाच दिवसांसाठी, आणि वाया गेलेल्या दोन महिन्यांसाठी, त्या पेनाने काढलेल्या गोलावर माझा अजून राग आहे.

निकाल आला: दोनांपैकी एकच दोष, माझा. सिकल नाही.

लेक आता विशीत आहे. तिचा एमसीव्ही ६४, ए-टू ५.१. बारावी झाल्यावर तिने स्वतः जाऊन तपासून घेतलं. तिच्या वर्गातल्या तीन मैत्रिणींना सोबत नेलं होतं, त्यातली एक कॅम्प चारमधली, एक बदलापूरची, एक वांगणीहून येणारी. चौघींच्या कागदांच्या तिने झेरॉक्स काढल्या आणि घरी आल्यावर आपली प्रत निळ्या फाइलमध्ये, माझ्या चिकटपट्टी लावलेल्या कागदाच्या वर ठेवली.